शिंप्याच्या कमरेचं माप

पोट.

हो मित्रांनो, मी पोटापासूनच सुरू करणार! शिंपी आधी लांबी घेतो, मग खांदा, मग छाती. पण मला धीर कुठला? मी बाळापूरच्या ताहेरभाई टेलरची जुनी टेप आहे. पिवळी, कडा विरलेली. आणि माझ्याकडून एक फार मोठं काम झालं आहे.

बरं. रीतीनं सांगते.

लांबी.

माझ्या एका बाजूला इंच आहेत, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. ताहेरभाई इंचच वाचत. दुसरी बाजू त्यांच्या मानेला चिकटून घामानं भिजायची, एवढंच तिचं काम. लग्नसराईत मी दिवसभर माणसांना मिठ्या मारायची. ताहेरभाईंचं माप चुकत नाही, असं लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगायची.

खांदा.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव राहिला नाही, नवं कापड घेणं लोकांनी सोडलं. बापाचा कोट मुलाला बसवून द्या, असं काम येऊ लागलं. मी बराच वेळ खुंटीवर. पण त्या कामात मला एक नवल दिसलं! खांद्याचा उतार बापाचा तोच मुलाचा. पोट सुटलं तर नेमकं त्याच जागी. माणसं मुलांना घर देतात, शेत देतात, तसं अंगही देतात.

छाती.

छाती राहू द्या. पुन्हा पोट!

ताहेरभाई हातापायांनी काडी. ढगळ कुर्ता, नाड्याचा पायजमा. शिंपी स्वतःचं माप घेत नाही, आणि नाडा तर कुणाचीच चहाडी करत नाही. त्यांची बायको बिल्कीस अंगानं भरलेली. तुझ्या कमरेला माझी टेप पुरत नाही, असं ते तिला चिडवत. मी पुरत होते, मित्रांनो. पुरून उरत होते.

पण अलीकडे त्यांना सुईचं नेढं दिसेना. ते बल्बला दोष देत. मला मात्र धास्ती वाटे. याच मशीनवर आधी त्यांचे अब्बा बसत. शुगरनं अब्बांचे डोळे गेले, तेव्हा मशीन ताहेरभाईंकडे आली. आता यांचेही गेले तर?

तेवढ्यात अकोल्याला भाच्याचा निकाह ठरला. बिल्कीसनं अब्बांची शेरवानी काढली. अब्बांचं पोट मोठं होतं, म्हणून ती आत घ्यावी लागेल असं दोघांनी धरलं होतं. ताहेरभाईंनी ती घातली. खांदे लोंबले. बाह्या लोंबल्या. पोटावरची बटणं मात्र घट्ट बसली.

बिल्कीसचा हात शेवटच्या बटणावर थांबला. तिनं मला त्यांच्या गळ्यातून ओढलं.

"हात वर करा."

"काहून? मी गिऱ्हाईक हाय काय?"

"अब्बाचं पोट तुमाले बसलं. अब्बाची शुगरबी बसली असन."

"शुगर जाड्या मानसायले होते, बिल्कीस. मी तं काडी हाय. तूच तपासून घे."

"दोघंबी जाऊ. मंग पाहू, टेप कोनाले पुरत नाही ते."

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर रूपालीताईंना त्यांची टेप सापडेना. त्यांनी ताहेरभाईंच्या गळ्यातून मला घेतलं आणि उलटं केलं. उलटं! माझे सेंटिमीटर पहिल्यांदा कुणीतरी वाचले. मी थरारून गेले. पुरुषाची कंबर नव्वदच्या आत हवी, असं त्या म्हणाल्या. ताहेरभाईंची सत्त्याण्णव भरली.

रक्ताचा निकाल आला. बिल्कीसची साखर ठीक होती. ताहेरभाईंची खूप वाढलेली.

"मॅडम, अदलाबदल झाली असन," ताहेरभाई हळूच म्हणाले.

अदलाबदल नव्हती. डॉक्टरांनी समजावलं, की चरबी किती आहे याइतकंच ती कुठे साठते हेही महत्त्वाचं. काहींच्या शरीरात कातडीखाली, मांड्यांवर तिला भरपूर जागा असते. काहींना ती जागा थोडीच मिळते, आणि हे बऱ्याच अंशी आईबापांकडून येतं. जागा भरली की चरबी पोटात, यकृतात शिरते आणि रक्तातली साखर आवरेनाशी होते.

मला लगेच कळलं! हे तर मार्जिन. शिलाईच्या आत दाबून ठेवलेलं जादा कापड. बिल्कीसच्या अंगात ते भरपूर आहे. ताहेरभाईंचा कपडा अंगाबरोबर कापलेला, म्हणून थोड्या ताणानंही उसवतो. पण बिल्कीसलाही डॉक्टरांनी सोडलं नाही. मार्जिन कधीतरी संपतंच, म्हणून चालणं दोघांनाही लावून दिलं.

डोळ्यांचा पडदा अजून शाबूत होता. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाल्या. गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर गेली, रोज बाळापूरच्या किल्ल्यापर्यंत फेरी सुरू झाली. नजर हळूहळू निवळली. मशीन ताहेरभाईंकडेच राहिली.

मित्रांनो, वजनकाटा खोटं बोलत नाही, पण तो सगळं सांगतही नाही. मी कुणाच्या पोटाला हसत नाही. घरात कुणाला शुगर असेल, तर बारीक माणसालाही माझ्याजवळ येऊ द्या.

काल ताहेरभाईंनी कॉलेजातून आलेल्या कहकशाँला, आपल्या लेकीला, हाक मारली. माप घेऊ म्हणाले.

"पन अब्बा, मी तं बारीक हाय."

"म्हनूनच, बेटा. पोट आत ओढू नको. श्वास सोड."

तिनं श्वास सोडला.