फक्त कार्बोरेटर साफ करायचाय

मी एका जुन्या डर्ट बाइकचं इंजिन बोलतोय. लिहिण्याचं काम मात्र माझ्या मालकाकडे आहे. त्याने शाळा लवकर सोडली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच मिळतील. तो बोलतो कमी आणि लाजतो जास्त, त्यामुळे मी त्याच्याबद्दल काही सांगायला लागलो की लिहिता लिहिता त्याचे कान लाल होतात. होऊ देत.

डर्ट बाइक ही रस्त्यावर मिरवायची गाडी नव्हे. हलकी, उंच, दगडधोंड्यांतून आणि चिखलातून उड्या मारत जाणारी. त्यात मी टू-स्ट्रोक, म्हणजे आवाज मोठा आणि धूर त्याहून मोठा. आमचं पथ्य एकच, पण कडक. आम्हाला तेल पेट्रोलमध्येच मिसळून पाजावं लागतं. नुसतं पेट्रोल पाजलं की आतलं लोखंड कोरडं घासतं आणि आम्ही जागच्या जागी आखडतो.

माझ्या पहिल्या मालकाला घाई फार. एकदा तेल मिसळायचं विसरून त्याने मला तसाच डोंगर चढवला. मी अर्ध्यावर असा आखडलो, की तो माझ्यावरून उडाला आणि काटेरी झुडपात जाऊन बसला. त्याला बाहेर काढायला तिघे लागले. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

दुसरा मालक मिशीवाला. त्याने मला स्वस्तात घेतलं, गोदामात ढकललं, वर रंगाचे डबे रचले आणि विसरून गेला. माझ्या सायलेन्सरमध्ये उंदरांनी संसार थाटला. कुणी गिऱ्हाईक आलं, की मिशीवाला डबे बाजूला करून मिशीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "फक्त कार्बोरेटर साफ करायचाय." जुन्या गाड्या विकणारे सगळे हेच म्हणतात. किक तसूभर खाली जात नसली तरी म्हणतात. गिऱ्हाईकं हसून निघून जायची. माझ्या आत्ताच्या मालकाने मात्र मान डोलावली. त्याला ते पटलं होतं असं नाही. पण 'नको' म्हणायला तोंड उघडावं लागतं.

त्याने मला ढकलत घरी आणलं तेव्हा दारात त्याची ताई उभी होती. ताई डोंगरवाटांवर गाडी चालवण्यात पटाईत. सुट्टीच्या दिवशी ती टेकडीवर धुरळा उडवत जायची आणि हा पायथ्याशी तिची पाण्याची बाटली धरून उभा राहायचा. तिने माझ्या किकवर पाय देऊन पाहिला. किक हलली नाही.

"घुम्या, हे इंजिन आहे की ऐरण?"

घरात ती त्याला घुम्याच म्हणते. त्याने मान खाली घातली आणि मग जे बोलला, ते त्याच्या मानाने भाषणच होतं. "तू जायच्या आधी एकदा तुझ्याबरोबर वर यायचंय."

ताईला लांबच्या शहरात नोकरी लागली होती. पुढच्या रविवारी दुपारच्या ट्रेनने ती जाणार होती. तिच्या तोंडावर दुसरी थट्टा तयार दिसत होती, ती तिने गिळली. "बरं," म्हणाली, "रविवारी सकाळी. पण ढकलत न्यायचं नाही."

मग गाडीतून उतरून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलो. त्याने माझा एकेक बोल्ट सोडवला. सिलिंडर कारखान्यात नेऊन आतून गुळगुळीत करून आणला, नवा पिस्टन आणला. बेअरिंग बदलायची एक युक्ती असते. बेअरिंग गारठवायचं, त्याचं घर तापवायचं, मग ते अलगद आत बसतं. त्यामुळे माझं आवरण आईच्या ओव्हनमध्ये गेलं आणि बेअरिंगं पिशवीत बांधून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात.

आवरण तापलं. हा हातमोजे घालून आला आणि बघतो तर कप्पा रिकामा. आई बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसली होती आणि पिशवी तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर होती. परत मागायचा धीर याला होईना. तो हातमोजे घालून नुसता उभा राहिला. शेवटी आईच म्हणाली, "यात काय आहे ते मी विचारत नाही, पण बर्फापेक्षा हे बरं बसतंय गुडघ्यावर."

बेअरिंगं पुन्हा गारठवावी लागली. तेवढ्या वेळात ओव्हनला माझा वास लागला तो लागलाच. अजूनही केकला येतो म्हणे. येणारच, मी काही साधासुधा पाहुणा नव्हतो.

शनिवारी पिस्टन बसवायचा होता. पिस्टन एका आडव्या पिनेवर झुलतो आणि ती पिन सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेची बारीक क्लिप असते. क्लिप बसवण्याआधी खालचं माझं उघडं तोंड फडक्याने बुजवायचं, कारण ती क्लिप फार उडाणटप्पू. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, फडकं हातातही होतं. तेवढ्यात ताई आत डोकावून बॅग भरून झाल्याचं सांगून गेली. हा तिच्या पाठीकडे बघत राहिला, फडकं टेबलावर ठेवलं आणि क्लिप दाबली.

टिंग.

ती कुठे गेली ते मी पाहिलं. बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांच्या पँटचे पाय खाली दुमडलेले होते. क्लिप त्या दुमडीत जाऊन बसली आणि बाबा उठून तिच्यासकट बाजारात निघून गेले. मी गप्प राहिलो. गोदामात इतकी वर्षं काढल्यावर माझ्यासाठी कुणी घर डोक्यावर घेतंय, ही मजा मला सोडवेना.

दुसरी क्लिप खोक्यात होती, तो प्रश्नच नव्हता. पण उडालेली माझ्या पोटात पडली असली, तर सुरू होताच माझा चुराडा. त्यांनी मला उलटा करून हलवलं. ताईने फ्रीजवरचं लोहचुंबक तारेला बांधून माझ्या घशात सोडलं. रॉकेल ओतून पाहिलं. गुदगुल्या झाल्या, पण क्लिप निघाली नाही.

"नाहीये आत," ताई म्हणाली. "बसव आणि मार किक. वेळ कुठाय आता?"

"असली तर?"

"आणि नसली तर? सगळं परत उघडत बसलास तर उद्या सकाळी यातलं काय जागेवर असणार आहे?"

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "अर्ध्या चढावर हे आखडलं, तर तुला आम्हा दोघांना घेऊन उतरावं लागेल. तुझी ट्रेन चुकेल." आणि त्याने पाना उचलला.

दुपारपर्यंत माझी दोन शकलं टेबलावर होती. आत काही नव्हतं. तेवढ्यात बाबा आले, खुर्चीत बसले, बूट काढायला पाय वर घेतला आणि काहीतरी फरशीवर वाजलं. त्यांनी वाकून उचललं. "हे तुझं का रे? मला वाटलं, बटणबिटण तुटलं."

आई लगबगीने आत गेली. ती का गेली ते तिच्या हसण्यावरून सगळ्यांना कळलं.

मग ताईने बाह्या सारल्या आणि स्टूल ओढून बसली. तिने आजवर गाडी पळवली होती, पाना हातात घेतला नव्हता. "सांग," म्हणाली, "कुठला बोल्ट कुठे." आणि घुम्या सांगायला लागला. एकदा लागला तो थांबेचना. एरवी महिनाभर पुरले असते इतके शब्द त्या दुपारी खर्च झाले. एकदा तर तिच्यावर ओरडलाही, "ताई, एवढं आवळू नकोस," आणि स्वतःच दचकला.

संध्याकाळी मी पुन्हा गाडीच्या सांगाड्यात बसलो. पहिल्या किकला सुरू होणं माझ्या स्वभावात नाही. थोडा खोकलो, थोडा रुसलो, त्याच्या पोटरीला एक उलटा झटका दिला, आणि मग असा पेटलो की निळा धूर खिडकीतून थेट बाबांच्या चहात गेला. बाबांनी तो चहा तसाच प्यायला, वर चांगला झालाय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन टेकडी चढला. नव्या पिस्टनची सिलिंडरशी आधी नीट ओळख व्हावी लागते, म्हणून मला पिळायचं नव्हतं. थोडं चालवायचं, थांबायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग पुढे. टेकडी एका दमात चढणारी ताई आपल्या गाडीवरून रांगत मागे येत होती आणि ओरडत होती, की आजवर तिला कासवानेसुद्धा एवढं अडवलं नव्हतं.

अर्ध्या चढावर त्याने मला बंद केलं. दोघं गवतात बसली. खाली स्टेशनचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. बराच वेळ नवीन शहराच्या, तिथल्या खोलीच्या गोष्टी झाल्या. मग ताई छपराकडे बघत म्हणाली, "मला भीती वाटतेय रे."

तो उठून माझ्याजवळ आला आणि सिलिंडरवर हात ठेवला. वरून वारा येत होता आणि मी केव्हाच गारठलो होतो.

"अजून गरम आहे," तो म्हणाला.

ताईने घड्याळ पाहिलं. मग उठून आली, हातमोजा काढला आणि सगळा तळवा माझ्यावर टेकवला. क्षणभर तसाच राहू दिला.

"हो," म्हणाली, "बराच गरम आहे." आणि जाऊन पुन्हा गवतात बसली.

तोही तिच्या शेजारी जाऊन बसला.