दादाच्या हातचा पाव

शहरातले शेवटचे स्टॉप तिच्या लक्षात राहत ते तिथल्या संडासांवरून. पाच नंबरच्या बसच्या स्टॉपवरचा संडास आतून कडी नसलेला, अकराचा पाणी नसलेला, आणि एकवीसचा... जाऊ दे, त्याचं नावच नको. शी! अकरा वर्षं बस चालवणारी बाई, प्रवासी तिला मानाने ‘ड्रायव्हरबाई’ म्हणत, आणि तिचं सगळं लक्ष पुढचा संडास किती लांब आहे याकडे.

पोटाचं नुसतं गटार झालं होतं. आधी फुगायचं, मग गुरगुरायचं, मग भर रहदारीत असं पिळून निघायचं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. जे बाहेर पडे ते तेलकट, फेसाळ, दोनदा पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहणारं. त्या वासाने तिला स्वतःचीच किळस येई. वर फुकटचे सल्ले होतेच. कुणी म्हणे, फार विचार करतेस. कुणी म्हणे, घास नीट चावत नाहीस. चावून चावून जबडा दुखला, पोट तसंच!

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतडं पाहिलं आणि सांगितलं, ‘‘तुम्हाला सीलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लूटेन तुमच्या आतड्याला सोसत नाही, अस्तर खराब होतं. गहू, मैदा, रवा, जव, सगळं बंद. कणभरसुद्धा नाही, आणि जन्मभर.’’

तिचा दादा बेकरीवाला. आईच्या पश्चात त्यानेच तिला वाढवलेलं. ऐकल्याबरोबर तो उसळला. ‘‘माझी बहीण पावावाचून राहणार? मग मी कशाला आहे?’’ त्याने तांदळाच्या आणि मक्याच्या पिठाचा पाव जमवला. त्यासाठी नवे साचे, वेगळी सुरी, वेगळं फडकं. कामगारांना हात लावू देईना. रोज सकाळी गरम पाव तिच्या दारात हजर. ती दोन्ही वेळा तोच खाई.

आणि पोट? जैसे थे.

मग तिने घर डोक्यावर घेतलं. जुनी चाळण फेकली, पोळपाट फेकला, नवऱ्याच्या बिस्किटांचा डबा खिडकीबाहेर ठेवला. तो बिचारा म्हणाला, ‘‘अगं, घरात श्वास तरी घेऊ ना?’’ ती हसली नाही. कारण तोवर तिने दोनदा भरली बस रस्त्याकडेला सोडून धूम ठोकली होती. तिसऱ्यांदा ती औषधाच्या दुकानामागच्या संडासापर्यंत पोचलीच नाही. तशीच परत येऊन बसली आणि गाडी डेपोत नेली. मागे एकेक खिडकी उघडत गेली. पहिल्या बाकावरच्या बाईने नाकाला पदर लावून मोठ्याने म्हटलं, ‘‘शी, काय घाणेरडी बाई आहे!’’

डेपोचे साहेब म्हणाले, ‘‘आणखी एकदा असं झालं तर तुम्हाला गाडी मिळणार नाही. स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजत बसा.’’

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. ‘‘गहू पोटात जातोय. घरात नसेल तर तो पाव कुठे होतो ते बघा.’’

‘‘दादाकडे? शक्यच नाही!’’ ती फणकारली. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी न सांगता बेकरीत गेली.

दादाने नुकताच ओटा गरम पाण्याने घासला होता. नवा एप्रन बांधला, हात कोपरापर्यंत धुतले, तिच्यासाठीच्या डब्यातलं पीठ मळलं. देवासमोर बसावं तसा तो त्या पिठासमोर उभा होता. गोळा उचलला, आणि त्याचा उजवा हात आपसूक बाजूच्या पिंपात गेला. मूठभर मैदा ओट्यावर भुरभुरला. गोळा त्यावर टाकला. थापला.

‘‘दादा! हे काय टाकलंस?’’

‘‘कुठे काय टाकलं?’’

‘‘ओट्यावर!’’

त्याने ओट्याकडे पाहिलं, मग हाताकडे. तीस वर्षं गोळा ओट्याला चिकटू नये म्हणून जे करायचं, ते हाताने त्याला न विचारता केलं होतं. म्हणजे ती सगळी घाण, तो वास, ती भरली बस, हे सगळं या एका मुठीतून! तिला ओरडायचं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘‘उद्यापासून सांभाळून करीन,’’ दादा पुटपुटला. ‘‘नाहीतर पिंपच हलवतो.’’

‘‘पिंप हलवून काय होणार? इथे हवेतसुद्धा मैदा आहे, खिडकीचे गज बघ.’’ तिने गजावरून बोट फिरवून त्याला दाखवलं. ‘‘आता तुझ्या हातचं नको, दादा. माझं मी घरी करीन.’’

‘‘तुला चहा धड जमत नाही.’’

‘‘शिकेन. मला गाडी सोडायची नाही.’’

ती निघाली तेव्हा नेहमीसारखा तिच्या डोक्यावर ठेवायला दादाने हात उचलला, मैद्याने माखलेला दिसला, आणि घाण लागल्यासारखा मागे घेऊन एप्रनला पुसू लागला. पुसतच राहिला.

तिने मनगट धरून तो हात आपल्या डोक्यावर ठेवला.

‘‘केसांना काही होत नाही रे,’’ ती म्हणाली. ‘‘फक्त भरवू नकोस.’’