हळद्याचं पथ्यपाणी

हळद्याच्या कपाळावर रुपयाएवढा पिवळा ठिपका होता, आणि त्या ठिपक्यानंच त्याच्या पोटाची वाट लावली होती. बाकी अंग कोळशासारखं काळं. जत्रेत कुणी भंडारा उधळावा आणि त्यातली एक चिमूट नेमकी ह्याच्याच कपाळावर बसून राहावी, तसा तो ठिपका. दारणेकाठच्या त्या वाडीत मग दुसरं काय होणार? पिल्लाचे डोळे उघडायच्या आत वाडीनं ठरवून टाकलं की हे खंडोबाचं कुत्रं.

जन्मलं होतं ते लंकाबाईच्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीआड. पण देवाचं म्हटल्यावर ते एका घरचं कसं राहील? रविवारी अकराही घरांतून त्याला दूध यायचं. कुणाची म्हैस व्याली की खरवस, कुणाचा नवस फळला की पुरणपोळी, कुणाचं लेकरू तापातून उठलं की तुपात भिजलेला मलिदा. हळद्या बिचारा शेपटी हलवून सगळ्यांचा मान राखायचा आणि सोमवारी गोठ्यामागं जाऊन ओकायचा. बरगड्या लांबून मोजता याव्यात अशा झाल्या होत्या. "देवाचा हाय, वाऱ्यावर जगतो," असं म्हणत बाया त्याच्यापुढं आणखी एक वाटी सरकवायच्या.

मग आली सन पस्तीसची चंपाषष्ठी. चातुर्मासापासून वर्ज्य असलेलं वांगं आणि कांदा त्या दिवशी पहिल्यांदा चुलीजवळ येतात. भरीत आणि बाजरीचा रोडगा देवाला दाखवायचा आणि पहिला घास कुत्र्याला घालायचा, अशी रीत. अकरा घरांचे अकरा रोडगे हळद्यापुढं पडले. त्यांतला सगळ्यांत मोठा, तेलानं निथळणाऱ्या भरताचा, मूठभर पातीचा कांदा घातलेला, तो लंकाबाईचा.

हळद्या देवळाच्या पायरीवरच ओकला. तिसऱ्या दिवशी त्याला लघवी झाली ती विटकरीच्या पाण्यासारखी लाल.

वाडीत तळी उचलायचा मान पुंजाबाबाचा. म्हातारा पायरीवर काठी टेकून बोलला, "देवाचा निवद ज्याच्या पोटात ठरत नाय, तो देवाचा कसला? औंदा म्या गप बसतो. पण फुडल्या चंपाषष्ठीला ह्यानं निवद खाऊन पचवला पायजे. नायतर माळावर उतरणाऱ्या धनगरांसंगं द्या धाडून. वाडीवर कोप नको."

धनगर माणसं वाईट नव्हती. पण मेंढरांमागं दिवसाला पाच-सहा कोस चालायचं आणि मिळेल ते गिळायचं, हे ह्या पोटाला आठ दिवससुद्धा झेपणार नाही, हे लंकाबाईला पक्कं ठाऊक होतं. आणि सगळ्यांत मोठा रोडगा आपला होता, हेही ती विसरू शकत नव्हती.

तिचा नवरा यादव देवळाली कॅम्पात दूध घालायचा. तिथं तोफखान्याच्या घोड्यांचा सालोतरी होता कादरभाई. घोड्यांची दुखणी बरी करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जुम्म्याच्या दुपारी तो यादवबरोबर वाडीवर आला. त्यानं हळद्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, मग विचारलं, "खाल्लं काय काय ह्यानं?"

लंकाबाईनं बोटांवर मोजून सांगायला सुरुवात केली. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा कादरभाईनं कपाळाला हात लावला.

"बहेन, ये पेट है के पखाल? तोफ ओढणारा घोडा असतो माझा, पण त्याच्या तोबऱ्यात मूठभर चणा जास्त पडला ना, तर माझी झोप उडते. आणि तू ह्या चिमण्या जिवात अकरा घरं भरलीस!"

"मग काय करू, कादरभाई?"

"आज काही नाही. फक्त पाणी. उद्यापासून तांदळाची पेज, फडक्यातून गाळून. चार दिवसांनी मऊ भात, त्यात उकडलेलं डांगर, लाल भोपळा. पुढं जमलं तर मुगाची डाळ, मीठमसाला नको. दूध बंद. तूप, गूळ बंद. कांदा-लसणाचा तर वारासुद्धा नको. ते लाल पाणी कांद्याचं आहे. पलटणीतली दोन कुत्री मी अशीच जाताना पाहिलीत."

"देवाच्या कुत्र्याला दूध बंद?" दारात उभी असलेली शेजारची कुसाबाई किंचाळलीच.

"देवाला चालतं, भाभी. ह्याला चालत नाही." कादरभाई उठला. जाता जाता वळून म्हणाला, "आणि वेळ. पोटाला वेळ कळली पाहिजे. कॅम्पाचा बिगुल ऐकू येतो ना इथं? सकाळच्या बिगुलाला एकदा, संध्याकाळच्याला एकदा. मध्ये कुणी अमृत आणलं तरी नाही."

लंकाबाईनं ते बोलणं पदराच्या गाठीला बांधल्यासारखं बांधून घेतलं.

पहिल्या दिवशी हळद्या उपाशी निजला आणि लंकाबाईच्याही घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडून बिगुलाचा सूर आला तशी तिनं पितळी पुढ्यात ठेवली, स्वतः फतकल मारून बसली, दुधाच्या रिकाम्या कासंडीवर बांगडी वाजवली आणि जात्यावर बसल्यासारखा गळा आपोआप मोकळा झाला:

*सोनपिवळी हळद । तुझ्या कपाळी कुणी लावली*
*तुझ्या भुकेची रे वेळ । माझ्या बिगुलानं दावली*

हळद्यानं पेज चाटूनपुसून खाल्ली. ओकला नाही.

खरी लढाई पुढं होती, ती वाडीशी. रविवारी वाट्या यायच्या आणि लंकाबाई दारात आडवी उभी राहायची. आधी गोड बोलून, मग हात जोडून, शेवटी भांडून. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांचं दूध ती घ्यायची आणि देवळातल्या पिंडीवर ओतून यायची. हळद्याला शिकवलं ते आणखी अवघड. कुणी काही टाकलं की ती नुसती "अं हं" म्हणायची आणि तो तिच्या तोंडाकडं पाहत मागं सरायचा. बिगुल, बांगडी, ओवी, मग घास. दुसऱ्या कुठल्या वाटेनं अन्न येतं हे तो हळूहळू विसरला.

रोज सकाळी ती गोठ्यामागं जाऊन वाकून बघून यायची. पातळ असलं तर डांगर वाढवायची, घट्ट असलं तर पाणी. कुसाबाई पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हणायची, "बाया उठून सूर्व्या बघत्यात, आमची लंकी कुत्र्याची शी बघती!"

"बघती तर बघती," लंकाबाई हंडा डोक्यावर घेत म्हणायची. "तुझी बी बघीन, पोट दुखलं की ये."

पावसाळा सरता सरता हळद्याच्या बरगड्या झाकल्या. कातडी अशी चमकायला लागली की यादव म्हणाला, "आगं, ह्याला तेल लावती का काय?" कादरभाईनं कॅम्पातून येता-जाता पाहिलं आणि लंकाबाईला एवढंच म्हटलं, "माझ्या घोड्यांच्या लाईनीत नोकरी करशील?" त्या एका वाक्यावर लंकाबाई आठवडाभर ताठ मानेनं चालत होती.

कार्तिकात तिनं नवा घाट घातला. रोजच्या भातात बाजरीच्या रोडग्याचा नखाएवढा तुकडा. आठवड्यानं दोन नखं. मग बोटाच्या पेराएवढा. पोटाला नवी वस्तू सांगून-सवरून द्यायची, घोड्याला नवा दाणा देतात तशी, हेही कादरभाईचंच. वांगं मात्र चंपाषष्ठीआधी वाडीत कुणाच्या चुलीला शिवत नसे. ते करून बघता येणार नव्हतं. ती धाकधूक राहिलीच.

आदल्या दिवशी ती परडी घेऊन अकरा दारं फिरली. "चिमूट-चिमूट बाजरीचं पीठ घाला. सगळ्यांचा मिळून एकच रोडगा करते हळद्यासाठी. भरताचं वांगं मी भाजते. बिया काढून, बिनतेलाचं, बिनकांद्याचं."

"बिनकांद्याचं भरीत?" कुसाबाईनं डोळे मोठे केले. "देव काय म्हणंल?"

"देवापुढं तुझं कांद्याचंच ठेव. कुत्र्यापुढं माझं. दोघं आपापलं खात्याल."

कुसाबाईनं परडीत वाकून पाहिलं. मग आत गेली आणि चिमटीनं नव्हे, ओंजळीनं पीठ घेऊन आली. "चिमटीनं काय व्हतंय?" असं पुटपुटत तिनं ते परडीत घातलं.

चंपाषष्ठीला देऊळ भरलं. "येळकोट येळकोट, जय मल्हार!" हवेत भंडारा उडाला, तळी उचलली गेली, सगळ्यांची कपाळं हळद्यासारखी पिवळी झाली. कादरभाई गर्दीच्या कडेला पिंपळाखाली उभा होता. पुंजाबाबानं काठीनं खूण केली. लंकाबाईनं वाकून रोडग्याचा तुकडा, वर नखभर वांगं, हळद्यापुढं केला.

हळद्यानं वास घेतला. तिच्या तोंडाकडं पाहिलं. आणि मागं सरला.

"खा बाबा," ती म्हणाली. तो आणखी एक पाऊल मागं गेला आणि बसला.

गर्दीत कुजबुज उठली. "तोंड फिरवलं!" कुणी म्हणालं. "देवाचा निवद नाकारला!" पुंजाबाबाची काठी दगडावर एकदा वाजली. माळावर धनगरांची मेंढरं दिसत होती.

लंकाबाईनं वर पाहिलं. सूर्य डोक्यावर होता. कुठला बिगुल ह्या वेळी? वर्षभर तिनंच तर शिकवलं होतं त्याला: अमृत आलं तरी नाही. तिचं शिकवणं तिच्याच आड उभं होतं. पण ते शिकवणं किती पक्कं उतरलं, हे पाहून त्या घाबऱ्या क्षणीसुद्धा तिचा ऊर जरासा भरून आला. भर जत्रेत, ओठांजवळ अन्न आणि तो हलत नाही!

"येळकोट थांबवा," ती म्हणाली. वाडीतली बाई देवळापुढं असं कधी बोलली नव्हती, म्हणूनच की काय सगळे गप्प झाले. तिनं हातातलं ताम्हण जमिनीवर ठेवलं, त्यात घास ठेवला, पायरीखाली घरच्यासारखी फतकल मारली. बांगडी ताम्हणावर वाजली. नदीपलीकडचा बिगुल वाजणार नव्हताच. तो तिनं गळ्यातून काढला:

*सोनपिवळी हळद । तुझ्या कपाळी कुणी लावली...*

दुसरी ओळ संपायच्या आत हळद्या उठला, ताम्हणाशी आला, आणि घास उचलून नीट चावून खाल्ला. कादरभाईनं पिंपळाखालून मोठ्यांदा "शाबास!" म्हटलं आणि सगळे आपल्याकडं पाहतात असं दिसल्यावर खोकला.

"खाल्ला," पुंजाबाबा म्हणाला. "पण पचवायचं बी ठरलं व्हतं."

मग वाडी बसून राहिली. हळद्या उन्हात झोपला. बाया येऊन येऊन त्याच्या पोटाकडं बघत होत्या. संध्याकाळी नदीपलीकडून खरा बिगुल आला तेव्हा तो अंग ताणून उठला आणि भातासाठी लंकाबाईच्या दाराकडं निघाला. ओकला नव्हता.

सकाळी लंकाबाई नेहमीसारखी गोठ्यामागं गेली आणि थबकली. तिथं आधीच सात-आठ बाया डोक्यावर पदर घेऊन गोल करून उभ्या होत्या. मधोमध कुसाबाई, कमरेवर हात, वाकून पाहणारी.

"घट्ट हाय," कुसाबाई मान वर करून म्हणाली. जणू वर्षभर पेज तिनंच गाळली होती. "आमच्या हळद्यानं पचवलं बरं का. अकराही घरांचं."

रस्त्यावरून काठी वाजली. पुंजाबाबा कुंपणापलीकडून ओरडला, "आगं ए लंके, काय निघालं?"

लंकाबाईनं पदर सावरला, मान ताठ केली. "या बाबा," ती म्हणाली, "तुम्हीच बघून घ्या."