टवका उडालेल्या हिऱ्याची भीती

मित्रांनो, मी एक जुना हिरा आहे. अंगठीतला नव्हे हं, त्या मिरवणाऱ्यांशी आमचं कधी जमलं नाही. मी तिळाहून लहान. तीन बाजूंनी घासून मला टोक काढलं आणि अमेरिकेत मिनेसोटातल्या एका प्रयोगशाळेत यंत्राला बसवलं. बाजारात आंबा दाबून पाहतात ना, तसा मी वस्तू दाबून पाहतो, पण इतक्या हलक्या हाताने की पडलेला खळगा साध्या डोळ्यांना दिसतच नाही. मी किती रुतलो त्यावरून यंत्र टणकपणाचा आकडा सांगतं.

आमच्याकडे हृदयात बसवायच्या कृत्रिम झडपा येत. त्यांच्यावरचा पातळ लेप कच्चा निघाला तर झडप माणसाच्या छातीत झिजते. म्हणून रोज सकाळी आधी माझी परीक्षा. काचेच्या एका ठरलेल्या तुकड्यावर मला दाबायचं, आकडा नऊ आला की मी शाबूत. सहा वर्षं नऊच येत होता आणि सगळे माझं कौतुक करत होते.

त्या कौतुकानेच घात केला. ड्वेन हा तिथला जुना तंत्रज्ञ, मनाने वाईट नव्हे, पण रोज नऊच येतो म्हटल्यावर तो काचेला न शिवताच वहीत नऊ लिहू लागला.

नोव्हेंबरातला शुक्रवार होता. दुसऱ्या दिवसापासून हरणांची शिकार सुरू होणार, म्हणून ड्वेनचं अर्धं लक्ष रानात. त्याने झडपांचा ट्रे तिरका ठेवला आणि मला भरकन खाली आणलं. मी धातूच्या कडेवर आपटलो आणि माझ्या टोकाचा टवका उडाला. कुणाला आवाजही आला नाही.

मग त्याने झडपांवर दाबलं. बोथट टोक रुतणार कसं? यंत्राला वाटलं, लेपच भलता टणक आहे. ड्वेन खूश! मी मात्र दोन्हीकडून अडकलो. खोटं उघडं पडलं तर मला फेकून देणार, नाही पडलं तर कुणाच्या तरी छातीत कच्ची झडप जाणार. अकरा दिवस मी खोटे आकडे देत होतो. शपथेवर सांगतो, सुरुवातीला मला माझ्याच जिवाची भीती जास्त वाटत होती.

शंका आली ती सोल्वेगला. ती ड्वेनच्या हाताखाली शिकून तयार झालेली. भट्टीत बिघडलेल्या लेपालाही उत्तम आकडा कसा, म्हणून तिने मला काचेवर दाबलं. चौदा आला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा चौदा.

तिने वही ड्वेनपुढे धरली.

"आज सकाळी नऊ लिहिलायस. दाबलं होतंस?"

"अगं, नऊच येतो तो. आजवर कधी चुकलाय?"

"दाबलं होतंस का, ते सांग."

ड्वेनने वहीची पानं मागे उलटली.

"कधीपासून नाही दाबलंस?"

"उन्हाळ्यापासून," तो म्हणाला.

तिने मला यंत्रातून काढून डबीत ठेवलं आणि इस्पितळांना फोन लावायला बसली. माझा टवका नेमका कधी उडाला हे तिला कळायला मार्ग नव्हता, आणि उन्हाळ्यापासून दोनशे बारा झडपा गेल्या होत्या, त्यातल्या कित्येक बसवूनही झाल्या होत्या. छाती उघडून तर कुणी लेप दाबून पाहत नाही. आता त्या साऱ्या घरांत भीती शिरणार होती.

मित्रांनो, जो रोज खरं सांगतो त्यालाही रोज विचारत जा. आमच्यासारख्यांना तोंड नसतं. विचारलंत तरच आम्ही सांगू शकतो, आणि तेही वेळेवर विचारलंत तर. त्या दोनशे बारांपैकी कच्च्या झडपा फक्त अठरा आहेत, साऱ्या त्या अकरा दिवसांतल्या. त्या कुठल्या, हे मला एकट्यालाच ठाऊक आहे. सोल्वेग अजून एकेका इस्पितळाला फोन करते आहे.