डाव्या हातातला चुडा

मी पडले होते, तेव्हापासून हात सुजतो, हे रजनीताईंनी इतक्या जणांना सांगितलं होतं की आता सांगतानाही दम लागायचा. खरं वेगळंच होतं. कॅन्सरमध्ये डावा स्तन गेला, त्याच्यासोबत काखेतल्या गाठीही काढल्या, आणि हातातलं पाणी उतरायची वाटच मोडली. वसंतराव रोज संध्याकाळी बायकोचा हात हलक्या बोटांनी वर खांद्याकडे चोळत. दुसऱ्या दिवशी सूज पुन्हा जागच्या जागी. दोघंही त्या हाताला विटले होते.

खोटं लेकीसाठी होतं. अपूर्वाचं लग्न देवासच्या घरात ठरलेलं, आणि आईचा असला आजार कळला की लोक तो मुलीच्या अंगात शोधतात. तोंड बंद ठेवायचा सल्ला थोरल्या जावेचा, कुसुमताईंचा. सल्ला द्यायला काय जातं, हात त्यांचा नव्हता.

आज रजनीताईंच्या फ्रीगंजमधल्या घरी चुडा भरायचा होता. होणाऱ्या विहीणबाई, पल्लवीताई, मुद्दाम आल्या होत्या. टावर चौकातली बांगडीवाली बसली आणि पहिला मान वधूच्या आईचा निघाला. डाव्या हाताला घट्ट काही नको, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. पण नको म्हटलं तर का, हे विहीण विचारणार. रजनीताईंनी हात पुढे केला. बांगडीवालीने साबण लावून, पंजा दाबून बांगड्या चढवल्या. डोळ्यांत पाणी आलं ते बायकांनी लेकीच्या मायेचं धरलं.

बाकीच्यांचे हात होईतो काच मनगटात रुतली, बोटं फुगली. अपूर्वाचा एक हात भरून झाला होता, तेवढ्यात बांगडीवालीची नजर रजनीताईंच्या हातावर गेली.

"दीदी, ये तो तोड़नी पड़ेंगी."

लग्नघरात, तेही वधूच्या आईच्या बांगड्या! कुसुमताई घाईने म्हणाल्या, थोडं तेल लावून पाहू. रजनीताईंना आता तेल नको होतं आणि आणखी एक खोटंही नको होतं.

"पल्लवीताई, माझं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. तुमच्यापासून लपवलं. या हाताला आता काही सोसत नाही, बांगड्या वाढवू द्या."

बांगड्या वाढवल्या. पल्लवीताईंनी अपूर्वाकडे निरखून पाहिलं. याच नजरेला रजनीताई इतके दिवस भीत होत्या. अपूर्वाने आपला रिकामा हात मागे घेतला.

"मलाही होऊ शकतं, काकू. आत्ताच सांगा, दुसरा हात भरू की राहू देऊ?"

पल्लवीताई रजनीताईंना म्हणाल्या, "लपवलंत, हे बरोबर नाही केलं." राग खरा होता, तो त्यांनी गिळला नाही. तशाच रागात त्या अपूर्वाकडे वळल्या.

"हात पुढे कर. अर्ध्या चुड्यावर नवरीला उठवत नाहीत."

रजनीताईंना रडावंसं वाटलं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. त्यांनी सुजलेला हात सगळ्यांसमोर उशीवर ठेवला आणि त्यावर पदर ओढला नाही.