चिलापीची पिल्लं

चिलापी मासळी आपली पिल्लं तोंडात सांभाळते. आधी अंडी तोंडात, मग अंड्यातून निघालेली जिऱ्याएवढी पिल्लंही तोंडातच. तोवर ती स्वतः काही खात नाही म्हणतात. सगळा जन्म पाण्यावर काढून मी हे नीट पाहिलं ते यंदाच्या उन्हाळ्यात, आणि तेही एक भांडण मिटवायला बसलो होतो म्हणून.

आमचा तलाव झरी गावाच्या अलीकडं आहे. काठावर आम्हा भोयांची घरं. धरलेली मासळी परभणीच्या बाजाराला निघण्याआधी काठावरच्या काळ्या धोंड्यावर साफ होते. तिथं विळी घेऊन माझी भावजय बायनाबाई बसते. माझा थोरला भाऊ गेल्यापासून तिचं हेच काम.

आमच्या काठाचा एक जुना नेम आहे. मरळ ही या पाण्यातली मूळची मासळी. ती आपल्या लाल पिल्लांच्या घोळक्याभोवती फिरत असली की तिच्यावर जाळं टाकायचं नाही. धरलेल्या मासळीबरोबर पिल्लं आली तर ती पाण्यात परत सोडायची. हा नेम झाला तेव्हा चिलापी या पाण्यात नव्हती. ती मागून आली. कुणी आणून सोडली का पुरात आली, ठाऊक नाही. पण वहिनीनं तिलाही तोच नेम लावला. विळीवर धरण्याआधी ती प्रत्येक चिलापीचं डोकं पाण्यात बुडवते, गाल दाबते, पिल्लं बाहेर पडली की "जा" म्हणते, आणि मग मासळी चिरते.

यंदा जाळ्यात मरळ जवळजवळ आलीच नाही. माझा मुलगा बजरंग आमच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन आहे. त्याचं म्हणणं असं की ही बाहेरची मासळी दुसऱ्यांची अंडी खाते, त्यांची जागा घेते. आपण दिवसभर तिला काढायचं आणि मोठ्या मायनं, म्हणजे वहिनीनं, तिचीच पोरं परत पेरायची, याला काय अर्थ आहे. त्यानं धोंड्याजवळ एक घमेलं आणून ठेवलं. पिल्लं त्यात काढायची आणि वर नेऊन उन्हात ओतायची.

वहिनीनं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसली.

"मोठी माय, तू मासळी चिरायलीस का तिचं बाळंतपण करायलीस?" बजरंग म्हणाला.

"तुझं बी मीच केलंय. तवा तू कुठला हाय म्हणून इचारलं न्हाई."

काठावरचे सगळे हसले. बजरंगही हसला. पण जाताना सांगून गेला की येत्या सोमवारपर्यंत ऐकलं नाही तर धोंड्यावर दुसरी बाई बसेल. वहिनीला मूल नाही, शेत नाही. तो धोंडा सुटला असता तर सकाळी उठून जायला तिला जागाच उरली नसती. मी बजरंगला म्हणालो, मला तिच्याशी बोलू दे.

बोलायला म्हणून गेलो आणि पाण्याकडंच बघत बसलो. ऊन वर आलं होतं, पाणी निवळ होतं. सुटलेली पिल्लं पांगतील असं मला वाटलं होतं. ती पांगली नाहीत. गोळा होऊन तोंड शोधायला लागली. आई तर विळीवर होती. पिल्लं वहिनीच्या बोटांच्या फटीत शिरली, बुडवून ठेवलेल्या तांब्यात शिरली, जिथं अंधार दिसेल तिथं शिरत होती. मग धोंड्याखालच्या कपारीकडं निघाली. तिथला अंधार उघडला आणि मिटला. पाणी थोडं हललं. पिल्लं दिसेनात.

मी पालथा पडून आत डोकावून पाहिलं. कपारीत मरळ होती, हातभर लांब. तिच्यामागं आणखी एक.

आधी मला नवल वाटलं, मग पेच पडला. ही गोष्ट बजरंगला सांगितली की वहिनीचा धोंडा राहत होता. पण मग, ज्यांना आपण "जा" म्हणतो ती कुठं जातात, हे तिलाही कळणार होतं. तिच्यामागं तिचा निकाल लावणं मला बरं वाटेना. म्हणून आधी तिलाच सांगितलं.

ती म्हणाली, दाखवा. एका चिलापीचे गाल दाबून तिनं पिल्लं सोडली आणि माझ्याशेजारी वाकली. सगळं बघून झालं तरी तशीच वाकून राहिली.

"आपणहून जायलीत की ओ तिच्या तोंडात," ती म्हणाली. "आई समजून."

मी म्हणालो, "घमेल्यात काय आन हितं काय, वैनी, मरण तेच."

"तेच कसं? घमेल्यात मी मारणार. हितं... हितं बी मीच की आता. कालपतोर न्हाई. आजपासून."

संध्याकाळी तिनं स्वतःच बजरंगला बोलावून मरळ दाखवली. त्याला इतका आनंद झाला की तो घमेलं उचलून घरी घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला, मोठी माय, तुला पाहिजे तेवढी पिल्लं सोड, मरळीचं पोट भरलं पाहिजे. मग एकाला हातभर मरळ दिसली म्हटल्यावर दुसऱ्याच्या हातात गळ दिसायला लागला. वहिनीनं विळी धोंड्यावर आडवी ठेवली आणि सांगितलं की या धोंड्यापाशी गळ पडला तर चिलापी ज्याची त्यानं घरी चिरायची. बजरंगनं तिथल्या तिथं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. धोंडा तिच्याकडंच राहिला.

तेव्हापासून मी रोज जाऊन बसतो. आता कपारीत तीन मरळी आहेत. वहिनी पूर्वीसारखीच डोकं बुडवते, गाल दाबते, पिल्लं सोडते. फक्त तोंडानं काही म्हणत नाही. परवा न राहवून मी विचारलं, वैनी, पूर्वी तुमी जा म्हणायचात.

तिनं पुढची चिलापी उचलली, तिचं मिटलेलं तोंड बघितलं.

"कुठं जा म्हणू, भावजी?"