पेटीवरचे दोन पिवळे दिवे

पेटीला बारा खण होते आणि प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क. दहा खणांवर हिरवा दिवा होता, दोनांवर पिवळा. पेटीच्या माथ्यावर झेंडूची तीन सुकलेली फुलं, एक सुपारी, आणि पुढच्या पत्र्यावर हळदीकुंकवाची चार बोटं. नीलमने दिवे पुन्हा मोजले. पिवळे दोनच. सातवा आणि आठवा, शेजारी शेजारी.



शिक्रापूरला हायवेलगत, टायरच्या दुकानाच्या वर, बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं हे दोन खोल्यांचं ऑफिस होतं. शिरूर-दौंडच्या उसात लावलेल्या कॅमेऱ्यांचे आठ महिन्यांचे फोटो या एकाच पेटीत होते. माहिती बारा डिस्कवर अशी वाटून ठेवलेली, की एक बंद पडली तर उरलेल्या अकरा मिळून तिची उणीव भरून काढतात. दोन पडल्या तर फोटो एकही हाती लागत नाही.

समोरच्या खुर्चीत राहू गावचे पोपटराव आप्पा बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्यांच्या चार एकर उसात बिबट्याची मादी व्यालीय असं गडी सांगत होते, आणि उद्या सकाळी तोडणीची टोळी त्याच उसात शिरणार होती. पिल्लं कुठल्या बाजूला आहेत ते कळलं, तर तेवढा ऊस मागे ठेवून तोड दुसऱ्या टोकाने धरता येणार होती. नाही कळलं, तर कोयता घेऊन वाकलेल्या कुणाच्या तरी पुढ्यात ती मादी उभी राहणार होती.

"पोरी, एका फोटूला एवढा येळ? तेवढ्यात माझी म्हस दोनदा दूध देईल."

"एक डिस्क मरायला टेकलीय आप्पा. मशीन तिलाच हाका मारत बसलंय. ती काढली की फोटो भराभर उघडतील."

"मग काढ की."

"कुठली ते कळत नाही."

"पिवळी."

"पिवळ्या दोन आहेत."

आप्पा पुढे वाकून बघत म्हणाले, "मग दोन्ही काढ."

"मग तुम्ही राहूला जा, मी माझ्या गावी खुटबावला जाते. इथं बघायला काही उरणार नाही."

स्क्रीनवर 'डिस्क ७ नादुरुस्त' आणि पुढे डिस्कच्या तळावरचा, बाहेर काढल्याशिवाय न दिसणारा नंबर, एवढंच लिहिलं होतं. पण हे मशीन एकापासून मोजतं की शून्यापासून? शून्यापासून मोजत असेल, तर सात म्हणजे आठवा खण. खणांचे आकडे असलेलं झाकण ऑफिस हलवताना मोडलं होतं.

नीलम खुर्चीत मागे टेकली आणि विचार करू लागली. फोटो रखडत का होईना, उघडत होते. दोन डिस्क गेल्या असत्या तर एकही उघडला नसता. म्हणजे दोनांतला एक दिवा खोटं बोलत होता. हे सुचलं तशी तिची भीती ओसरली, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत उत्तर जवळ आलं की व्हायची तशी हातापायांत चुळबुळ सुरू झाली. तिने खिडकी लावली, ट्यूब बंद केली.

"आता अंधारात काय दिसणार?" आप्पांनी विचारलं.

दिसलं. सातवा दिवा सगळीकडून सारखा पिवळा होता. आठवा मधे पिवळा, पण खालच्या कडेला नखाएवढी हिरवी कोर.

"कस्तुरामावशी, खंडेनवमीला पेटीची पूजा तुम्ही केलीत?"

ऑफिसची झाडलोट करणाऱ्या कस्तुराबाई केरसुणीसकट आतल्या खोलीतून आल्या. "व्हय. तुम्ही समदी दसऱ्याला गावी पळाला. मशिनीला कुणी बघायचं?"

"बोटं किती ओढलीत?"

"पाच. चार कुणी वढतं का?"

नीलमने रुमालाचं टोक जेमतेम ओलं केलं आणि आठव्या दिव्यावरून हलकेच फिरवलं. रुमाल पिवळा झाला, दिवा हिरवा.

"ह्ये बघा, मशीन माझ्या हळदीनं न्हाई बिघडलं," कस्तुराबाई म्हणाल्या.

"नाही हो. बिघडलीय ती सातवी. तुमची आठवी ठणठणीत आहे."

"आसणारच. तिची पूजा झालीया."

ट्यूब लावून नीलमने सातव्या खणाची कडी दाबली. हिशेब बरोबर होता, तरी तिने खण पुन्हा एकदा मोजले. चुकून चांगली डिस्क निघाली तर आठ महिने गेले, आणि उद्याची सकाळही. तिने डिस्क दोन बोटं बाहेर ओढली आणि थांबली.

"आता काय झालं?"

"आतली तबकडी अजून फिरतेय. थांबली की काढते."

हाताला लागणारी गुणगुण हळूहळू विरली. उरलेले अकरा दिवे हिरवे ते हिरवेच राहिले. तिने डिस्क पूर्ण बाहेर घेतली आणि उलटी करून तिच्यावरचा नंबर बघितला.

"आप्पा, स्क्रीनवर 'नादुरुस्त'च्या पुढे शेवटचे चार आकडे वाचा."

"चार, चार, एक, नऊ."

"चार, चार, एक, नऊ," नीलम म्हणाली, आणि तिला हसू फुटलं.

कपाटातली नवी डिस्क पाकिटातून काढून तिने खणात सरकवली. कडी खटकन बसली, दिवा हिरवा लुकलुकला. पेटी नव्या डिस्कवर माहिती भरू लागली, आणि इकडे फोटो बोट उचलायच्या आत उघडू लागले. नीलमला बसवेना. ती उभ्यानेच बघत होती. कोल्हा. मुंगूस. आप्पांचा कुत्रा. मग बनियनवर, हातात टमरेल घेतलेले खुद्द आप्पा.

"ह्यो पुसून टाक," आप्पा म्हणाले. कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

पुढच्या फोटोत ती होती. मान खाली, कान मागे. त्याच्या पुढच्यात तिच्या शेपटीमागे काहीतरी हललेलं. नीलमने फोटो मोठा केला, पुढचा उघडला, त्याच्या पुढचा उघडला. गेल्या तीन दिवसांचे पहाटेचे फोटो तिने शेजारी शेजारी लावले. जागा तीच होती.

आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि मुकादमाला फोन लावला. "तोड पूर्वेकडनं धरा. व्हय, पूर्वेकडनं. वढ्याकडला ऊस तसाच ऱ्हाऊ द्या, मी सांगंपातूर."

नीलमने वनखात्याला पाठवायचा मेसेज टाइप केला: कॅमेरा नऊ, पश्चिमेचा बांध, ओढ्यापासून तीस मीटर. मादी एक, पिल्लं तीन.